रिया पडली तो रविवार

जुने फोटो चाळताना मला ते प्लास्टर दिसलं. सुगंधाताईंनी फोटोंची पिशवी माझ्या मांडीवर रिकामी केली होती आणि त्या आत चहा टाकायला गेल्या होत्या. खास मुलांना घोडीवर बसवून फिरवणाऱ्या आमच्या 'सोबत' मंडळाला डिसेंबरात बारा वर्षं होणार, तपपूर्तीची स्मरणिका काढायची आणि तिच्यात मंडळाचा इतिहास मी लिहायचा, असं आदल्या रविवारी किनाऱ्यावर उभ्याउभ्याच ठरलं होतं. तू एमए झालेली आहेस, तुझं अक्षर बरं आहे, आणि तू सगळ्यांकडे सारखी बघत असतेस, असं सुगंधाताई म्हणाल्या होत्या. तिसरं कारण सांगताना त्या हसल्या होत्या. फोटोत तांबूस घोडीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. डोक्यावर जाळी काढलेलं क्रिकेटचं हेल्मेट, डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, प्लास्टरवर बॉलपेननं केलेल्या सह्या, आणि तोंड सगळं उघडून ती हसत होती. फोटोच्या मागे मे २०१६ असं लिहिलेलं. ही कोण, हिच्या हाताला काय झालं, असं मी विचारलं, तर सुगंधाताई आतूनच म्हणाल्या, "ती रिया गो. घोडयेवरसून पडलेली ती, त्याच्यानंतरचो फोटो." दूधवाला येऊन गेला हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग चहा आला, बिस्किटं आली, आणि मी तो फोटो बाकीच्या फोटोंखाली सरकवून ठेवला.

चौदा महिने मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला, सर्वेशला, तिथे नेत होते. दर शुक्रवारी मंडळाच्या ग्रुपवर वेळ यायची, कधी पावणेसात, कधी नऊ, कधी दुपारी साडेचार, कारण आमचा रविवार घड्याळावर चालत नाही, सुकतीवर चालतो. पाणी मागे गेलं की जी ओली, घट्ट पट्टी उघडी पडते तिच्यावरच घोडी सरळ चालते, कोरड्या पुळणीत तिचे पाय रुततात आणि वर बसलेलं मूल हिंदकळतं. हे सगळं मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. एका मुलामागे तीन माणसं असतात. एक पुढे घोडीची दोरी धरून चालतो आणि दोघं दोन बाजूंना. बाजूच्यांचा एक हात मुलाच्या मांडीवर असतो, दुसरा पाठीमागे, न टेकता. हेही सांगितलं होतं. घोडी चावते का, लाथ मारते का, हे मी विचारलं होतं आणि त्याची उत्तरं मिळाली होती. कोणी कधी पडलंय का, हे मी विचारलं नव्हतं. का विचारलं नाही तेही मला आठवत होतं. प्रश्न ओठांवर आला होता, पण ही घाबरट आयांतली दिसते असं सगळ्यांना पहिल्याच दिवशी वाटू नये म्हणून मी तो गिळला होता. म्हणजे माझ्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. ते मला जास्त लागलं. घरी आल्यावर मी माझ्या नवऱ्याला, गुरुप्रसादला, सांगितलं. तो बँकेतून येऊन सर्वेशच्या बुटांचे पट्टे सोडवत होता. तो म्हणाला, नऊ वर्षं झाली की, हाड कधीच सांधलं असेल. त्याच्या डोक्यात हाड होतं. माझ्या डोक्यात हात होता. दोरीवरचा एक आणि बाजूंचे चार, असे पाच हात तिथे होते आणि तरी एक मुलगी खाली आली, म्हणजे त्यातला कुठला तरी एक हात सुटला होता, आणि तो हात ज्याचा होता ते माणूस अजूनही रविवारी येत असणार, कदाचित माझ्या सर्वेशच्या मांडीवर तोच हात ठेवत असणार. मंडळातली माणसं बारा वर्षांत फारशी बदललेली नाहीत. मी ठरवलं की हे शोधून काढायचं. शोधून काढल्यावर भांडायचं नव्हतं, बोभाटा करायचा नव्हता. फक्त त्या माणसाला सर्वेशपासून लांब ठेवायचं, काहीतरी कारण काढून. आणि जर कोणाचा ते कळलंच नाही, तर सर्वेशला न्यायचं बंद करायचं. इतिहास लिहायला घेतल्यामुळे सोय झाली होती. हातात वही असली की माणसाला काहीही विचारता येतं.

वहीत पहिल्यांदा जे उतरलं ते सगळ्यांना पाठ असलेलं होतं. सुगंधाताई तेव्हा मालवणात शाळेच्या एका खोलीत खास मुलांचा वर्ग चालवायच्या. २०१३ च्या डिसेंबरात त्या सहा मुलांना समुद्रावर घेऊन गेल्या. डॉमिंगोअंकल तिथे दोन घोड्या घेऊन पर्यटकांना फेऱ्या मारून आणायचे. तीस वर्षं त्यांनी मुंबईत तबेल्यात मोतद्दार म्हणून काम केलेलं, निवृत्त होऊन गावी आले ते रिकामे बसवेना म्हणून डेझी आणि पिंकी घेऊनच. आठ वर्षांच्या रियाला त्यांनी गंमत म्हणून डेझीवर बसवलं. रियाचे पाय एकमेकांना इतके घट्ट आवळलेले असायचे की सलवार घालायला दोन माणसं लागत. घोडीच्या पोटाची ऊब लागली आणि दहा मिनिटांत ते पाय आपसूक सैल पडले, दोन बाजूंना लोंबायला लागले. सुगंधाताई म्हणाल्या, आम्ही कोणी काही केलं नाही, आम्ही फक्त बघत राहिलो. हे वाक्य मी खाली रेघ ओढून लिहून घेतलं, कारण सर्वेशचं तसंच झालं होतं, आणि मीही तशीच बघत राहिले होते. सहा वर्षं मी त्याचे पाय रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून, मोजून वीस वेळा फाकवत होते आणि तो रोज रडत होता, आणि त्या घोडीनं काहीच न करता ते केलं होतं. त्या दिवशी मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते. झाला होताच. पण त्याच्याआधी, अगदी क्षणभर, घोडीचा राग आला होता. मग एसटीतले कंडक्टर सत्यवान नुसते बघायला म्हणून आले आणि कायमचे राहिले. फेऱ्यांच्या जिनाची कडी मुलांना टोचायची म्हणून गोधडी आणि गोणपाट शिवून गादी केली गेली. स्कूटरचं हेल्मेट मुलांच्या मानेला जड होतं म्हणून हायस्कूलकडून क्रिकेटची जुनी हेल्मेटं आणली. लॉकडाऊनमध्ये पर्यटक बंद झाले तेव्हा सत्यवान मसुऱ्याहून टेम्पो भरून भाताचं गवत आणायचे, आणि चार महिने मुलं घोड्यांना फक्त कुंपणाबाहेरून बघून जायची. हे सगळं छान होतं. स्मरणिकेत शोभेल असं होतं. मला हवं होतं ते नव्हतं.

म्हणून मी डॉमिंगोअंकलकडे गेले. ते परसात पिंकीला खरारा करत होते. त्यांनी काम थांबवलं नाही. मी आडून आडून सुरुवात केली, तर त्यांनी मला सरळ तिथेच आणून ठेवलं. "बाय, रियाचा इचारूक इलंस मां? लिही. चूक माझी." समुद्रातून एक प्लास्टिकची पिशवी वाहत आली, डेझी तिला बुजली आणि उजवीकडे सरकली. एक पाऊल, जास्त नाही. "मोतद्दाराक पिशवी घोडयेच्या आदी दिसूक होई. माका मागसून दिसली." मी लिहून घेतलं. मला बरं वाटलं, कारण दोरी धरणाऱ्याची चूक असेल तर हात सुटलाच नव्हता. पण तेवढ्यावर थांबणं मला जमत नाही. फोटोतलं प्लास्टर डाव्या हाताला होतं, म्हणजे रिया डावीकडे पडली होती, आणि डाव्या बाजूला कोण होतं ते अंकलनी सांगितलं. सुगंधाताई होत्या.

सुगंधाताईंनी तर माझी वाटच पाहत असल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, रात्रभर कागद लिहून त्या तशाच किनाऱ्यावर आल्या होत्या. हात मांडीवर होता, पण धरलेला नव्हता. "ठेवलेलो होतो गो. ठेवणा आणि धरणा ह्यात फरक आसता, तो माका त्या दिवशी कळलो." त्या असं म्हणाल्या आणि माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्याच मांडीवर हात ठेवून दाखवला, आधी नुसता, मग धरून. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत होते. सत्यवान मला कुडाळच्या गाडीत भेटले. तिकीट फाडता फाडता त्यांनी सांगितलं की उजवी बाजू त्यांची होती, एप्रिलचं ऊन, डोळ्यात घाम गेला, तो पुसायला त्यांनी हात काढला. "एकच हात. तितक्यात ता चेडू पलीकडे गेला." मागच्या बाकावरच्या बाईनं कोण गेलं म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, काय नाय, जुनी गजाल आसा, आणि पुढचं तिकीट फाडलं. रियाची आई तर मी न विचारताच बोलली. ती शिवणकाम करते. मुलांच्या कमरेला आम्ही जो मुठींचा पट्टा बांधतो तो तिनंच शिवलेला आहे, त्या पडण्यानंतर. ती त्या दिवशी डावीकडे पाण्यात उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती आणि तिनं हाक मारली, रिया, हय बघ. रियानं बघितलं. तेव्हापासून मी कोणाचा फोटो काढत नाही, असं म्हणून तिनं मशिनीत दोरा ओवला.

चार माणसांच्या चार कबुल्या झाल्या, आणि त्रास असा की चारही बसत होत्या. घोडी उजवीकडे सरकली की वरचं माणूस डावीकडे जातं. उजवीकडून धरणारा हात नसला तरी डावीकडेच जातं. डावा हात नुसता ठेवलेला असला तर ते खाली येतं. आणि डावीकडून हाक आली तर मान तिकडेच वळते. मी वहीत चित्र काढून पाहिलं, बाण काढले. कोणालाही वगळलं तरी रिया पडत होती, आणि सगळ्यांना धरलं तरी एकदाच पडत होती. मला राग आला. इतक्या सोप्या रीतीनं ही माणसं आपली चूक कशी सांगू शकतात? तिकीट फाडता फाडता? मला सात वर्षांत एकदाही सांगता आलेलं नाही. सर्वेशच्या वेळी नववा महिना होता, घरी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते, आणि संध्याकाळपासून मला पोटातली हालचाल कमी वाटत होती. मी पोहे केले, चहा केला, ट्रे नेला, मुलाकडच्यांना माझं शिक्षण सांगितलं. झोपताना डाव्या कुशीवर झोपून पाहिलं, गार पाणी पिऊन पाहिलं, एकदा काहीतरी हललं असं वाटलं, आणि मी सकाळपर्यंत थांबले. डॉक्टर नंतर म्हणाले की कारण असं एक सांगता येत नाही, अनेक गोष्टी असू शकतात. मी मान हलवली. अनेक गोष्टींतली एक मला माहीत होती आणि ती मी गुरुप्रसादलाही सांगितली नाही. सर्वेश अडखळतो, त्याचा घास सांडतो, त्याला शर्टाचं बटण लागत नाही, त्या प्रत्येक वेळी मी त्या संध्याकाळी ट्रे घेऊन बाहेर जाते. हे असं कोणाला दिसत नाही. लोकांना वाटतं मी काळजी करते.

इतिहास मी लिहून संपवला. पडण्याबद्दल एक परिच्छेद ठेवला. त्या दिवशी जे चार जण जवळ होते त्या चौघांनीही ही चूक आपली असल्याचं सांगितलं, त्यानंतर मंडळानं कमरेचा पट्टा आणला आणि आईबापांनी स्वतःच्या मुलाच्या बाजूला चालायचं नाही असा नियम केला, वगैरे. नावं लिहिली नाहीत. मी स्वतः काय ठरवलं होतं तेही अर्थातच लिहिलं नाही. पण ठरलं होतं. कोणाचा हात ते कळत नाही म्हणजे सगळेच हात संशयाचे, तेव्हा डिसेंबरचा कार्यक्रम झाला की हळूहळू बंद करायचं. सर्वेशला शिकवणी लावली, रविवारी जमत नाही, असं सांगायचं. वही टाइप करायला बाजारात द्यायची होती. सुगंधाताई म्हणाल्या, रियाकडेच दे, तीच करते. रिया मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात डीटीपी करते हे मला ठाऊक होतं, मी तिच्याकडून सर्वेशच्या प्रमाणपत्राच्या प्रतीही काढून घेतल्या होत्या. फोटोतली मुलगी तीच, हे मात्र तिच्यासमोर उभी राहीपर्यंत मी नीट मनात धरलं नव्हतं. आता ती वीस वर्षांची आहे. चाकाच्या खुर्चीत बसते, उजव्या हाताच्या दोन बोटांनी टाइप करते, डावा हात कागदावर वजनासारखा ठेवते. बोलायला तिला वेळ लागतो. शब्द आतून ओढून आणावा लागतो तसा येतो. तिची आई डबा घेऊन आली होती, ती तिची वाक्यं पुरी करायला बघायची, आणि रिया तिच्याकडे न बघता एक बोट वर करायची. मग आई गप्प.

तिनं वही माझ्यासमोरच वाचायला घेतली. मला जायचं होतं, सर्वेशची शाळा सुटायची वेळ होत आली होती, पण पाय निघेना. त्या परिच्छेदापाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. मग तिला हसू आलं, आणि हसू आलं की तिचं सगळं अंग हलतं, खुर्ची हलते. "माझा पडणा सगळ्यांनी वाटून घेतल्यांनी," ती म्हणाली. त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाली, "माका काय ठेवल्यांनी?" तिच्या आईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर बोट वर गेलं. मी विचारलं, म्हणजे कसं? तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवरून उचलले. उजवा खांद्यापर्यंत गेला, डावा थोडा कमी, थरथरत. "हात मीच सोडले. असे. वर." मी कित्याक म्हणून विचारलं. मला वाटलं आता ती काहीतरी मोठं सांगेल. ती म्हणाली, "असेच. बघूया म्हटलंय." आई तिच्याकडे बघत होती. नऊ वर्षांत हे तिनं ऐकलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आधी का नाही सांगितलं असं आईनं शेवटी विचारलंच, तर रिया म्हणाली, "कोणी इचारूकच नाय. सगळी आपलाच सांगत होती." आणि तिनं वही पुढे सरकवून कीबोर्डवर बोट ठेवलं. तो परिच्छेद बदलायचा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाचवी मी, इतका लिही. मी तिथेच उभ्यानं चौघांचे पाच केले.

शाळेपर्यंत मी चालतच गेले. चार हातांवर पाळत ठेवता येते. हात बदलता येतात, माणूस बदलता येतं, घर बदलून गाव सोडताही येतं. पण वर बसलेल्या मुलालाच जर असंच, बघूया म्हणून, हात सोडावेसे वाटले तर मी कोणाला लांब ठेवणार? आणि मग हेही मनात आलं की सर्वेशला कधी काही असंच करावंसं वाटलं असेल हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. त्याचं जे काही होतं ते माझ्यामुळे होतं, त्या संध्याकाळमुळे. त्याचं पडणं, सांडणं, अडखळणं, सगळं माझ्याकडे जमा होतं. तो शाळेच्या पायरीवर बसून माझी वाट बघत होता. त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, वाकडं, एका भोकाऐवजी दुसऱ्यात. बाईंनी लावलं का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला. एरवी मी ते तिथल्या तिथे सोडून नीट लावलं असतं. माझा हात गेलाही. मग मी त्याचं दप्तर उचललं.

त्या रविवारी सुकती सव्वाआठची होती. पाऊस सरून थोडेच दिवस झालेले, किनाऱ्यावर अजून चिपाडं, नारळाच्या झावळ्या, कुठून कुठून वाहून आलेल्या चपला. आम्ही आधी ती पट्टी साफ केली. सुगंधाताई माणसं वाटत होत्या. सर्वेश पिंकीवर, दोरी डॉमिंगोअंकलकडे, डावीकडे सुगंधाताई, उजवीकडे सत्यवान. मला त्या म्हणाल्या, तुझ्या मनात दुसरं कोणी असेल तर सांग. सहज म्हणाल्या, त्या सगळ्यांनाच विचारतात. मी काय सांगायचं ते शिकवणीपासून सगळं तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, असू दे. मला त्यांनी पुढच्या घोडीवर दिलं, पाच वर्षांच्या ॲरोनच्या डाव्या बाजूला. ॲरोन नवीनच होता, त्याला कंबर धरता येत नाही, गव्हाच्या अर्ध्या भरलेल्या पिशवीसारखा तो बसेल तिकडे कलतो. दोरी रियाच्या आईकडे होती. ती अजून येते, रिया नाही आली तरी. पलीकडे कॉलेजातली एक मुलगी होती. रियाच्या आईनं ॲरोनच्या कमरेचा पट्टा स्वतः दोनदा ओढून पाहिला.

निघताना डॉमिंगोअंकलनी ॲरोनसाठी म्हणून नियम पुन्हा सांगितला. कोणालाही जराशी शंका आली, हात सैल वाटला, पट्टा सरकल्यासारखा वाटला, नुसतंच कसंतरी वाटलं, तर 'रव' म्हणायचं. लहान, मोठा, वरचा, खालचा, कोणीही. एकानं रव म्हटलं की दोन्ही घोड्या थांबणार. का म्हणून विचारायचं नाही. आणि आपल्या हाताखालचं मूल सोडून मागे बघायचं नाही. ज्यानं थांबवलं तोच चला म्हणेल.

आम्ही निघालो. ॲरोनची मांडी माझ्या तळहाताखाली होती, चड्डीच्या कापडातून घोडीची ऊब येत होती. मी हात ठेवला होता, मग मुद्दाम धरला, मग धरलाय की नुसता ठेवलाय हे मला कळेना, म्हणून अंगठा वळवून पुन्हा धरला. ॲरोन माझ्याकडे कलला, मी दुसऱ्या हातानं त्याला मधे आणलं, तो परत कलला. मागून पिंकीच्या पावलांचा आवाज येत होता, ओल्या वाळूत येतो तसा, दबका. सुगंधाताई काहीतरी बोलत होत्या, सत्यवान हसले. मी पावलं मोजत नव्हते, पण मला प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं.

"रव."

आवाज सर्वेशचा होता. घरात तो मोठ्यानं बोलत नाही. मोठ्यानं बोलला की त्याचा शब्द फुटतो, म्हणून मीच त्याला हळू बोल म्हणते. हा मोठा होता, फुटलेला होता, आणि तो सरळ पुढपर्यंत आला. रियाच्या आईनं दोरी आखडली. डेझी थांबली. मागची पावलंही थांबली. माझी मान वळायला लागली होती, ते मला जाणवलं. तेवढ्यात ॲरोन माझ्या बाजूला झुकला, त्याचं सगळं वजन माझ्या तळव्यावर आलं, आणि मी समोर बघत राहिले. समोर पाणी होतं. मागे कोणी काही विचारत नव्हतं. सुगंधाताई नाहीत, सत्यवान नाहीत, अंकल नाहीत. मी ऐकत होते. पट्टा सरकल्याचा आवाज येतो का, कापड ओढल्याचा येतो का. काहीच नव्हतं. त्यानं हात सोडले असतील. किंवा पाय दुखला असेल. किंवा समुद्रात काही दिसलं असेल. किंवा सहा मोठी माणसं आणि दोन घोड्या आपल्या एका शब्दावर थांबतात का, ते त्याला बघायचं असेल. रियाची आई माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे नाही, ॲरोनच्या मांडीवरच्या माझ्या हाताकडे. एक लाट येऊन आमच्या पायांवरून गेली, मग दुसरी आली. ॲरोनला कंटाळा येऊन त्यानं डेझीची आयाळ ओढायला सुरुवात केली.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग मागून त्याचाच आवाज आला, या वेळी लहान.

"चला."

रियाच्या आईनं दोरी सैल सोडली. डेझीनं पाऊल टाकलं आणि ॲरोनचा पाय माझ्या हाताखालून पुढे गेला, त्याच्याबरोबर मीही.